राग, लोभ आणि अभिमान : समान शब्द, असमान भाव

प्रास्ताविक

'भाषा हे भावनांचे वाहन आहे' हे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येते की त्याची परीक्षा करण्याची गरज कोणास फारशी वाटत नाही. वाहन या रूपकात एक गृहीतक दडलेले आहे. भावना आधीच सिद्ध असते, भाषा तिला केवळ एका मनातून दुसऱ्या मनात पोचविते, असे ते गृहीतक होय. ते मान्य केले तर मराठीतील भावना हिंदीत किंवा गुजरातीत नेणे अवघड असण्याचे कारण उरत नाही. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच आहे, गुजरातीची तिच्या जवळची आहे, आणि तिन्ही भाषांतील भाववाचक नामांचा मोठा साठा संस्कृतातून आलेला आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची असून, या तीन भाषांचे भावविषयक साम्य आपण जेथे शोधतो तेथे ते नाही आणि जेथे आहे तेथे आपण पाहत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

या प्रश्नासाठी मीरा-भाईंदरसारखे क्षेत्र सोयीचे आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या आणि २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या शहरात उत्तन-पाली-चौक-डोंगरी पट्ट्यातील कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या मराठी बोली आहेत, आगरी आहे, प्रमाण मराठी आहे, आणि गुजराती, राजस्थानी व हिंदी बोलणारी मोठी वस्तीही आहे. महाविद्यालयाच्या एकाच वर्गात हे सर्व भाषाव्यवहार शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाच शब्दाचे तीन अर्थ एकाच बाकावर भेटण्याची शक्यता अन्यत्र इतकी क्वचितच असेल.

राग-लोभाची अदलाबदल

'राग' या शब्दापासून आरंभ करू. संस्कृतात 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, आरक्त होणे. त्यावरून राग म्हणजे रंग, आसक्ती, अनुराग. हिंदीत व गुजरातीत हा अर्थ आजही शाबूत आहे. मराठीत मात्र राग म्हणजे क्रोध. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशातही तो अर्थ नोंदलेला आहे, तेव्हा हा बदल काही कालपरवाचा नव्हे. रंगण्याच्या मूळ कल्पनेतून दोन्ही वाटा निघू शकतात, कारण प्रीतीनेही चेहरा लाल होतो आणि क्रोधानेही. मराठीने दुसरी वाट धरली, पण पहिली पुसून टाकली नाही. 'अनुराग', 'वैराग्य' हे शब्द मराठीत जुन्याच अर्थाने नांदतात. 'वैराग्य' या शब्दात राग आहे याची जाणीव मात्र सामान्य मराठी भाषकास राहिलेली नाही.

आता 'लोभ' पाहा. संस्कृतात तो षड्रिपूंपैकी एक, हिंदीत तो लालच. मराठीतही 'लोभी माणूस' ही निंदाच आहे. परंतु जुन्या वळणाच्या मराठी पत्राच्या अखेरीस 'लोभ असावा' अशी विनंती असते आणि ती करणारा मनुष्य समोरच्याला हावरटपणा शिकवीत नसतो. येथे लोभ म्हणजे स्नेह. 'माया' या शब्दाचेही तसेच. वेदान्तात जी भ्रांती आणि हिंदीच्या बोलव्यवहारात पुष्कळदा जी धनदौलत, तीच मराठी घरात आजीच्या हातात असते. कीर्तनकार एकाच निरूपणात मायेतून सुटण्याचा उपदेश करतो आणि विठूमाउलीच्या मायेचे वर्णनही करतो, आणि श्रोत्यांपैकी कोणाचाही गोंधळ होत नाही.

हे दोन शब्द एकत्र आले की गंमत अधिक स्पष्ट होते. संस्कृत परंपरेत जोडी आहे 'रागद्वेष', म्हणजे आसक्ती आणि वैर. मराठीत रूढ जोडी आहे 'रागलोभ'. या दुसऱ्या जोडीत राग हा द्वेषाच्या आसनावर जाऊन बसला आणि रागाच्या रिकाम्या आसनावर लोभाची स्थापना झाली. जोडी तीच राहिली, पण आतील माणसे बदलली. भाईंदरच्या बावन जिनालयासारख्या ठिकाणी 'वीतराग' हा शब्द ज्याच्या कानी पडतो, त्या गुजराती वा राजस्थानी श्रोत्याला आसक्ती गळून पडलेला तीर्थंकर अभिप्रेत असतो. त्याच्या मराठी शेजाऱ्याने हा शब्द 'राग गेलेला' असा घेतला, तर तो जैन तत्त्वज्ञानातील वैराग्याला शांत स्वभावाच्या पातळीवर आणून ठेवतो. शब्दाचे लिप्यंतर अचूक, अर्थांतर मात्र झालेले.

याच कुळातील इतर शब्दांची यादी लांबविता येईल. 'संताप' हिंदीत प्रायः अंतर्दाह, दुःख. मराठीत प्रचंड क्रोध. 'त्रास' संस्कृतात भय, मराठीत उपद्रव. 'आस्था' हिंदीत श्रद्धा, मराठीत मनापासूनची काळजी. 'लागणी' म्हणजे गुजरातीत भावना, तर मराठीत 'लागण' होते ती साथीच्या रोगाची किंवा उसाची. भावना हीदेखील एक प्रकारची लागणच, असे कोणी म्हणेल. पण तो विनोद दोन्ही भाषा येणाऱ्यालाच कळेल.

गर्व आणि अभिमान

वरील उदाहरणांत अर्थ सरकला आहे. 'गर्व' आणि 'अभिमान' यांच्या बाबतीत मूल्यच उलटे झाले आहे. हिंदीत माणूस आपल्या मुलाच्या यशाविषयी 'गर्व है' म्हणतो, आणि 'अभिमान' हा शब्द तेथे पुष्कळदा अहंकाराचा पर्याय असतो. मराठीत मुलाचा अभिमान वाटतो. गर्व मात्र होतो आणि गर्वाचे घर खाली असते. एका भाषेतील सद्गुण दुसऱ्या भाषेत दुर्गुणाचे नाव घेऊन वावरतो, तोही त्याच लिपीत.

मीरा-भाईंदरच्या संदर्भात ही बाब केवळ कोशापुरती नाही. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेविषयीचे शासननिर्णय २९ जून २०२५ रोजी राज्य शासनाने मागे घेतले. त्यानंतर मीरारोड येथे एका दुकानदारास मराठी न बोलण्यावरून झालेल्या मारहाणीच्या निषेधार्थ ३ जुलैला व्यापाऱ्यांनी बंद पाळला आणि ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला. त्या घटनांतील न्याय-अन्यायाचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही, आणि मारहाणीचे समर्थन शब्दार्थाने होत नाही. परंतु अशा प्रसंगी वापरल्या जाणाऱ्या भावशब्दांकडे अभ्यासकाने पाहिले पाहिजे. 'भाषेचा अभिमान' हे शब्द मराठी कानाला मातेविषयीच्या आदरासारखे लागतात. हिंदी कानाला त्यात मग्रुरीचा ध्वनी येऊ शकतो. उलट 'गर्व' हा शब्द मराठी कानाला आव्हानासारखा वाटू शकतो. भांडणाची कारणे अर्थातच आर्थिक, राजकीय, वस्तीच्या बदलाची आहेत. शब्दांनी ती निर्माण केलेली नाहीत. पण दोन्ही बाजूंना एकमेकांचा स्वर आहे त्याहून कठोर ऐकू येण्याची सोय त्यांनी करून ठेवली आहे.

अलीकडे मराठी फलकांवरही 'गर्व आहे' असे लिहिलेले दिसते. हा हिंदीचा प्रभाव म्हणून तक्रार केली जाते, आणि ती बरोबर आहे. तक्रारीपलीकडे जाऊन पाहिले तर एका भावनेची सीमारेषा आपल्या डोळ्यांदेखत हलत आहे हे ध्यानात येईल. गर्व आणि अभिमान हे दोन शब्द मराठीत एकमेकांच्या विरोधात उभे होते म्हणूनच योग्य आणि अयोग्य अशा दोन मनोवस्था वेगळ्या काढता येत होत्या. तो विरोध पुसला गेला तर भेद करण्याचे साधन हातून जाईल.

जाता जाता एक नोंद. पातंजल योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. भाषिक वादाचा मराठी वृत्तान्त लिहिताना यांपैकी अस्मिता, राग आणि अभिनिवेश हे तीन शब्द सहज येतात. अर्थ बदललेले आहेत. पतंजलींना ते मान्य झाले असते असे नाही.

याद्यांची मर्यादा

भावनांचा विचार करताना मराठी समीक्षेने दीर्घकाळ रसव्यवस्थेचा आधार घेतला. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक असे एकूण एकोणपन्नास भाव आहेत. डॉ. के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्श' (१९४२) या ग्रंथात या व्यवस्थेला मॅकडूगल आदी पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांच्या सहजप्रवृत्तींच्या कल्पनेशी भिडविले. त्या काळात हे धाडस होते आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यात एका यादीची दुसऱ्या यादीशी तुलना झाली. मराठी बोलणारा मनुष्य आपली भावना कोणत्या शब्दांत सांगतो, हा प्रश्न दोन्ही याद्यांच्या बाहेरच राहिला.

तो विचारला असता काय हाती लागते? हुरहुर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, तगमग, घालमेल. मराठी भाववाचक शब्दांची खरी श्रीमंती येथे आहे, तत्सम नामांत नाही. हे शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. गाडी अर्ध्या मिनिटाने चुकली तर चुटपुट लागते. भावाच्या लग्नाला जाता आले नाही तर वर्षानुवर्षे रुखरुख राहते. शेजारचे पीक गारपिटीने गेले तर लोक हळहळतात. मुलगी सासरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जी असते ती हुरहुर. तिला अजून कारणही पुरते मिळालेले नसते. चुटपुटीला वेळ थोडा, रुखरुखीला फार. हळहळ बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीची, तर तगमग स्वतःच्याच अंगाची. व्यभिचारी भावांच्या यादीतील चिंता, विषाद, औत्सुक्य यांपैकी कोणत्याही एका घरात यांना बसविता येत नाही. ध्वनीच्या द्विरुक्तीतून भावनेची लय दाखविणारे हे शब्द ललित लेखनात वाचून आपण सुखावतो. समीक्षा लिहू लागलो की मात्र 'विषण्णता' आणि 'उद्विग्नता' यांकडे धावतो. याला सवयीपलीकडे कारण दिसत नाही.

पाश्चात्त्य संशोधनाचीही याद्यांपासून सुटका झालेली नाही. अ‍ॅना विएर्झबिका यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्रजीतील भावनांची नावे सर्व मानवजातीवर लादण्यास हरकत घेतली, ती योग्यच होती. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात २,४७४ भाषांतील शब्दसूचींच्या आधारे झालेला अभ्यास आला. भावनांच्या अर्थजाळ्यात भाषाकुलांगणिक मोठा फरक आढळतो, मात्र सुखद-दुःखद आणि उत्तेजित-शांत हे भेद सर्वत्र रचना पुरवितात, असे त्याचे म्हणणे आहे. हा अभ्यास मोलाचा आहे. पण शब्दसूचीत एका संकल्पनेसमोर एक शब्द मांडला जातो. तो शब्द वाक्यात कोणत्या क्रियापदाबरोबर येतो हे सूचीला दिसत नाही. मराठीपुरते बोलायचे तर निम्मी भावना त्या क्रियापदात असते.

येणे, धरणे, वाटणे, करमणे

'मला राग आला' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. राग बाहेरून येतो, मी त्याचे ठिकाण आहे. 'मी रागावलो' म्हटले की मी त्यात सामील होतो. 'राग धरला' म्हटले की जबाबदारी पूर्ण माझी. राग गिळता येतो, दुसऱ्यावर काढता येतो, आणि 'राग मानू नका' अशी विनंतीही करता येते. राग येणे हा दोष नव्हे, धरणे हा दोष. हा नीतिविचार मराठी भाषकाला कोणी शिकवीत नाही, तो व्याकरणाबरोबर येतो. भाषा भावनेला घडविते ती येथे.

आता शेजारी पाहा. हिंदीत 'मुझे गुस्सा आया', गुजरातीत 'मने गुस्सो आव्यो', कन्नडात 'ननगे कोप बंतु'. मराठीचा 'राग' संस्कृत, हिंदी-गुजरातीचा 'गुस्सा' मूळ अरबी, कन्नडचा 'कोप' पुन्हा संस्कृत, आणि कन्नड भाषा तर द्राविड कुळातील. वाक्याचा साचा मात्र चारही ठिकाणी एक : अनुभवणारा चतुर्थीत आणि भावना येणारी. कॉलिन मसिका यांनी भारतीय उपखंडाला एक भाषिक क्षेत्र ठरविताना (१९७६) या रचनेची विशेष दखल घेतली होती.

'वाटणे' या क्रियापदाचा विचारही येथे करावा लागेल. 'मला वाटते तो येईल' हे मत, 'मला वाईट वाटते' ही भावना. हिंदीचे 'लगना' आणि गुजरातीचे 'लागवुं' हीच दोन कामे करतात. विचार आणि भावना यांत आपली समीक्षा जी भिंत उभी करते, ती आपल्या क्रियापदांना ठाऊक नाही. आणि 'करमत नाही' या मराठी वाक्याला संस्कृत तत्सम पर्याय शोधून पाहावा, सापडत नाही. गुजराती स्त्री मात्र क्षणाचाही विलंब न लावता 'गमतुं नथी' म्हणते आणि हिंदी भाषक 'मन नहीं लगता' म्हणतो. शब्द तिन्ही वेगळे, पण गाव सोडून मीरारोडच्या इमारतीत राहायला आलेल्या तिघांची अवस्था तंतोतंत तीच, आणि तिची मांडणीही जवळजवळ तीच.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेत आपण समान शब्द दिसले की ते सोपे समजून सोडून देतो आणि म्हणी-वाक्प्रचारांना गुण ठेवतो. प्रत्यक्षात विद्यार्थी अडतो तो 'आस्था' आणि 'संताप' यांसारख्या शब्दांपाशी, आणि अडलो आहोत हे त्याला कळतही नाही. मराठी, हिंदी व गुजराती विभागांनी मिळून अशा सामायिक भाववाचक शब्दांचा छोटा कोश करावयास हरकत नाही. त्याच्या बरोबरीने उत्तन-डोंगरीच्या बोलींतील भावशब्दांचे आणि विशेषतः भावनेबरोबर येणाऱ्या क्रियापदांचे संकलन व्हावे. त्या गावांतील विद्यार्थी आपल्याच वर्गांत आहेत, आणि त्यांच्या आज्या अजून ती भाषा बोलत आहेत.