बॅकस्लॅश की कंस?

लांब ओळ तोडायची कशी, हा प्रश्न आपण नुसता दिसण्यापुरता समजतो. पायथनची शैली-नियमावली 'पेप ८' (२००१) तो तसाच हाताळते: ओळ ७९ अक्षरांत बसवा, तोडताना बॅकस्लॅशपेक्षा कंस वापरा, बेरजेचं चिन्ह नव्या ओळीच्या सुरुवातीला ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण कंसच का, ते ती सांगत नाही. संशोधन करणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं.

हे बघा:

खर्च = प्रवास + निवास \
    + जेवण

समजा, कोड बदलताना बॅकस्लॅश पुसला गेला. पायथन तक्रार करतो की दुसरी ओळ उगाच आत सरकली आहे. आपण घाईत ती डावीकडे ओढतो आणि एरर जाते. पण आता पहिली ओळ 'निवास'लाच संपली. दुसरी ओळ नुसती '+ जेवण', आणि तेही वैध विधान. इशारा नाही, काही नाही. खर्चात जेवण धरलेलंच नाही, आणि तोच आकडा प्रबंधाच्या तक्त्यात जातो.

कंसात असं होत नाही:

खर्च = (प्रवास + निवास
        + जेवण)

एक कंस राहिला तर प्रोग्राम चालतच नाही. शिवाय प्रत्येक ओळीपुढे टिप्पणी लिहिता येते. बॅकस्लॅशपुढे साधी स्पेसही चालत नाही.

अपवाद? एका 'विथ'मध्ये अनेक फाइल उघडताना पूर्वी बॅकस्लॅश लागायचा. ३.१० पासून तिथेही कंस चालतात. म्हणजे नव्या कोडमध्ये बॅकस्लॅशला फारसं कारण उरलेलं नाही.