‘लिहून देणे’ या क्रियापदाचा भार

वैद्याने गोळ्यांऐवजी भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप लिहून द्यावे, ही व्यवस्था जर्मनीत डिसेंबर 2019 मध्ये अमलात आलेल्या अधिनियमाने निर्माण केली. ऑक्टोबर 2020 मध्ये शासकीय सूचीत पहिली अ‍ॅप्स दाखल झाली. त्यांत कर्णनादावरील ‘कालमेडा’ व चिंताविकारावरील ‘वेलिब्रा’ ही होती. वैद्याने चिठ्ठी लिहावी, विमासंस्थेने सांकेतिक क्रमांक द्यावा व खर्च सोसावा, अशी ही योजना. तथापि पुष्कळ वैद्य ती चिठ्ठी लिहावयास कचरतात. या कचरण्यास तंत्रद्वेष म्हणण्याची जी प्रथा पडू पाहत आहे, ती आम्हांस मान्य नाही.

अधिनियमाची भाषाच पाहावी. त्यातील मुख्य संज्ञेत ‘आनवेंडुंग’ हे पद आहे. जर्मनीत त्याने संगणकीय अ‍ॅप्लिकेशनचा बोध होतो, तसाच आरोग्यकेंद्रातील स्नान, मर्दन, लेप अशा उपचारांचाही. म्हणजे नामकरणातच अ‍ॅपला उपचाराची प्रतिष्ठा लाभली. पुरावा मात्र मागाहूनही चालतो: 12 महिन्यांपर्यंत तात्पुरती नोंद मिळते, त्या मुदतीत लाभ सिद्ध करावयाचा असतो आणि दरम्यान अ‍ॅप लिहूनही देता येते. दुसरे पद ‘फेरओर्डनुंग’. वैद्याची चिठ्ठीही तीच आणि शासनाचा नियमही तोच! (शब्दांचा असा योग म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो, परंतु तो अगदीच निरर्थकही नसतो.)

मराठी वाचकास हा पेच आपल्याच क्रियापदावरून उमगेल. आपला वैद्य औषध ‘लिहून देतो’. आणि व्यवहारात ‘लिहून दे’ असे आपण म्हणतो तेव्हा हमी मागत असतो. लिहून देणारा बांधला जातो. बाटलीतील औषध चिठ्ठीनंतर बदलत नाही. अ‍ॅपची मात्र नवी आवृत्ती येते. मोठे बदल सूची ठेवणाऱ्या संस्थेस कळवावे लागतात हे खरे, पण चिठ्ठीवर नाव जुनेच राहते. कधी निर्माताच नाहीसा होतो. अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या अ‍ॅपला 2017 मध्ये शासकीय मान्यता मिळविणाऱ्या पेअर थेराप्युटिक्स या कंपनीने एप्रिल 2023 मध्ये दिवाळखोरी पत्करली. आपण हमी कशाची दिली, असे वैद्याने विचारले तर त्यास मागासलेला कसे म्हणावे?

परंतु वैद्यांची बाजूही निर्दोष नाही. मानसोपचारासाठी जर्मनीत महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. निद्रानाशाच्या रुग्णास ‘सोमनिओ’ नाकारताना त्याच्या हाती दुसरे काय दिले, याचे उत्तर नकार देणाऱ्याने द्यावयास हवे. आणि हे अ‍ॅप करते तरी काय? झोपेची रोजची नोंद ठेवावयास लावते, अंथरुणावरील वेळ आवरावयास शिकविते. यास आपल्याकडे औषध म्हणत नाहीत, पथ्य म्हणतात. पथ्य वैद्य सांगतो, पाळतो रुग्ण, आणि मधूनमधून ‘पाळता ना?’ अशी चौकशी करणे वैद्याकडेच राहते. त्या चौकशीचा वेळ आणि मोबदला यांचा विचार करावयाचे सोडून वैद्यांच्या ‘तयारी’चीच मोजदाद चालते, हे चमत्कारिक आहे.

मराठीत या वस्तूंसाठी ‘डिजिटल औषध’ हा शब्द रूढ होण्यापूर्वी परिभाषाकारांनी ‘पथ्यसाधन’ या शब्दाचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे.