रानातला मुक्काम आणि आपले वनवाङ्मय

वैशाख लागला आणि महाविद्यालयांना सुट्या पडल्या, की यवतमाळातील सुखवस्तू कुटुंबे मोटारी काढून उत्तरेची वाट धरतात. अमरावती मागे टाकावी, परतवाड्याला चहा घ्यावा, मेळघाटाची वळणे चढावी आणि सेमाडोह किंवा कोलकास येथे सिपना नदीच्या काठी दोन-तीन रात्री काढाव्या, असा हा परिपाठ आहे. गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकही अशा एका मंडळीत होता. सागाची पाने गळून गेली होती, नदीचे डोह तेवढे उरले होते, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वाचावे म्हणून बरोबर नेलेली पाच-सहा पुस्तके उशाशी होती. तिसऱ्या दिवशी धाकट्या भाचीने ती चाळून विचारले, “मामा, या पुस्तकांत पानोपानी जनावरे आहेत, आपण मात्र माकडे आणि आपल्यासारख्याच मोटारी पाहिल्या. पुस्तके खोटी, की आपण?” प्रश्न पोरवयाचा खरा; परंतु मराठीतील वनवाङ्मयाचे मर्म त्याच्याच पोटी आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास घेतला.

या प्रांताच्या रानाविषयीची पहिली गाजलेली पुस्तके इंग्रजांची. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ साली निघाला, आणि स्टर्नडेल याचे सातपुड्यातील तळावरच्या जीवनाचे वर्णन करणारे ‘सिवनी’ १८७७ साली. आमच्या पिढीने महाविद्यालयात इंग्रजी गद्याच्या गोडीने ही पुस्तके वाचली, आणि आजही त्यांची नजर तीक्ष्ण आहे हे नाकारणे अन्यायाचे होईल. साग कोठे संपतो आणि साल कोठे सुरू होतो याचा विचार करण्याइतका फोर्सिथ बारकाईने पाहतो. तथापि त्या तळाभोवती राहुट्या आहेत, हत्ती आहेत, हाकारे आहेत. आणि ज्याच्या पायाखालची वाट साहेब चालतो तो गोंड किंवा कोरकू पुस्तकात येतो तो बहुधा वाटाड्या म्हणून. रान जिंकावयाचे, मोजावयाचे आणि मग त्यात शिकार खेळावयाची, असा तो क्रम आहे. मोटारीतून येणारे आम्ही बंदुकीऐवजी छायायंत्र आणतो, एवढाच काय तो फरक. घाई तीच आणि हक्काची भावनाही तीच.

मराठी वनवाङ्मयाने हा क्रम मोडला, हे त्याचे पहिले श्रेय होय. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ घ्या. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील एका अरण्यात लेखक मुक्काम करतो. पराक्रम काही करीत नाही. बसतो, पाहतो, टिपणे करतो. या पुस्तकात घडते थोडे आणि दिसते फार. ‘बनगरवाडी’सारखी कादंबरी १९५५ साली लिहिणाऱ्या या लेखकाला माणसांचे गाव अल्प शब्दांत उभे करण्याची हातोटी साधली होती, तीच त्याने जनावरांच्या गावाला लाविली. पुढे वानरांच्या टोळ्यांतील झगड्यावर ‘सत्तांतर’ लिहून त्याने १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविला, त्यामागेही हीच बैठक आहे. माडगूळकरांचे वाक्य आखूड असते, कारण ते पाहण्याच्या आड येत नाही. भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते: पुस्तक खोटे नव्हे, त्याने बसून घालविलेला वेळ आपण वाटेत घालविला.

दुसरे नाव मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला आणि १८ जून २०२५ रोजी तेथेच दिवंगत झालेला हा वनाधिकारी माडगूळकरांप्रमाणे पाहुणा नव्हता. नोकरीनिमित्त त्याने रानात संसार केला. नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट ही त्याची मुक्कामाची ठिकाणे, आणि ‘रानवाटा’, ‘नवेगाव बांधचे दिवस’ ही त्या मुक्कामांची फळे. त्याचे सर्वांत मोठे देणे आमच्या मते शब्दांचे आहे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्याने मराठीस दिले, आणि पक्ष्यांची नावे रानातल्या माणसांच्या तोंडून वेचून ‘पक्षिकोश’ रचला. ज्या वस्तूस नाव नाही ती सुशिक्षितास दिसतच नाही. आमच्या मंडळीत पदवीधर सात होते. तेथील झाडांपैकी सागापलीकडे चार नावेही आम्हांस सांगता आली नाहीत. आणि ‘सिपना’ म्हणजे कोरकू भाषेत सागच, हेही आम्हांस नदीकाठच्या एका कोरकू म्हाताऱ्याने सांगितले.

असे असूनही दोष सांगणे टीकाकारास प्राप्त आहे. चितमपल्लींच्या लेखनात स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांची सरमिसळ पुष्कळ ठिकाणी होते. लोककथा म्हणून जे रम्य आहे तेच निरीक्षण म्हणून वाचकाच्या पदरी पडते, आणि भाबडा वाचक दोन्हींस एकच मोल देतो. माडगूळकरांचा दोष निराळा. त्यांची अलिप्तता कधीकधी इतकी पुरी होते, की रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची चूल त्यांच्या चित्राच्या चौकटीबाहेर राहते. दोघांच्याही पुस्तकांत रान हे मनास निववणारे स्थान आहे. ज्याची गाय त्या रानात चरावयास जाते त्यास ते तसे असतेच असे नाही.

हे आम्ही यवतमाळात बसून लिहितो, म्हणून अधिक जाणवते. पांढरकवडा आणि राळेगाव या भागांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ज्या वाघिणीवर आला, ती ‘अवनी’ २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात मारली गेली. त्याआधी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि नंतर दूरदूरच्या शहरांतून निषेध झाले. त्या दिवसांत आम्ही जे वाचले त्यात दोनच स्वर होते: वाघिणीचा कैवार आणि वाघिणीचा धिक्कार. कपाशीच्या धुऱ्यावर सायंकाळी एकटा उभा असलेला गुराखी, किंवा कोलामांच्या पोडावर दार लावून बसलेली आई, यांचे गद्य त्यांत नव्हते. लगेच जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन याच शहरी भरले आणि एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शेतातील दुःखास व्यासपीठ मिळाले, हे योग्यच झाले. रानाच्या कडेच्या भयास मात्र अद्याप त्याच्या तोलाचे पुस्तक मिळावयाचे आहे.

सामग्रीची वाण नाही. त्याच २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात पट्टा असल्यामुळे ज्याचा माग राहिला, तेलंगणाची हद्द शिवून, शेते, सडका आणि नाले ओलांडीत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आपल्या मोटारींच्या सहली त्यापुढे काय! त्याच्या वाटेवर किती गावे निजलेली असतील, कितींना सकाळी चिखलात पाऊल उमटलेले दिसले असेल! नकाशावरील त्या रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसे व जनावरे एकाच समभावाने जो लिहील, तो माडगूळकरांची दृष्टी आणि चितमपल्लींचे शब्द या दोहोंचा खरा वारस होईल. आमची अपेक्षा अशी, की तो कोलामी किंवा गोंडी घरातला, मराठी शाळेत शिकलेला मुलगा अथवा मुलगी असावी. कारण त्यास रानात मुक्काम करावा लागणार नाही, तो तेथलाच असेल.

तोवर वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते: यंदा उन्हाळ्यात उत्तरेस जाल तेव्हा चार ठिकाणे करू नका, एकच करा, आणि वाटाड्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका. भाचीस आम्ही हेच सांगितले. चौथ्या दिवशी ती पहाटे एकटीच त्या कोरकू म्हाताऱ्याजवळ डोहाकाठी जाऊन बसली होती. काय पाहिलेस, असे विचारता म्हणाली, “जनावर नाही दिसले, मामा. पण सहा पक्ष्यांची नावे आणली आहेत.”