एका आकड्याचा निवाडा

एका शाळेच्या भिंतीवर आम्ही एक तक्ता पाहिला. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा, उत्तर १८.५ ते २५ आले तर प्रकृती उत्तम, त्यापुढे धोका. सातवीची मुले वजनकाट्यावर चढून एकमेकांना चिडवत होती. भागाकार बरोबर होता. त्यावरून दिलेला निवाडा मात्र चूक होता.

हे सूत्र बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केतले यांचे, १८३२ च्या सुमाराचे. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आजार नव्हे. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, एवढेच त्यांना आढळले. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेतील अॅन्सेल कीज व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रूढ केले. लोकसमूहांच्या अभ्यासात हा निर्देशांक उपयोगी आहेच. तो वाढतो तसे समूहात मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार वाढलेले दिसतात.

पण एका व्यक्तीचे काय? काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. चरबी कोठे साठली आहे, हेही कळत नाही; पोटाच्या आत साठलेली चरबी अधिक घातक असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही निर्देशांक २२.३, शरीरातील चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रौढांसाठी अतिवजनाची सीमा २५ वरून २३ वर व स्थूलतेची ३० वरून २५ वर आणली. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही सुचवले. तक्त्यात याचा उल्लेखच नव्हता. शिवाय वाढत्या वयाच्या मुलांना प्रौढांच्या सीमा लागूच पडत नाहीत. त्यांच्यासाठी वय व लिंगानुसार वेगळे तक्ते असतात.

मग वर्गात हा विषय शिकवूच नये का? अवश्य शिकवावा. १.६० मीटर उंची व ६४ किलो वजनाच्या काल्पनिक प्रौढाचा निर्देशांक मुलांना काढू द्यावा. उत्तर येईल २५. मग विचारावे, "या आकड्यावरून काय कळले नाही?" मुलांची वजने मात्र वर्गात मोठ्याने वाचू नयेत. निर्देशांक ही चाळणी आहे. तिला न्यायाधीश करू नये.