गॅदरिंग कुणाचं?

मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांची पोरं कॉलेजात जातात. गॅदरिंगला अंगावर भाड्याचे फेटे नि नऊवाऱ्या चढवतात. म्हणे, पारंपरिक दिवस! कुणाची परंपरा? बापाच्या पाठीवरचं पोतं स्टेजवर का येत नाही?

येऊ शकतं. बाबासाहेबांनी 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. तिथल्या म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ लिहिलं. 1955 साली गॅदरिंगातच बाबासाहेबांसमोर त्याचा प्रयोग झाला. रामायणकाळापासून अस्पृश्यानं जे सोसलं, ते त्यात उभं केलंय. 1956 ला दीक्षेच्या वेळी ते नागपुरातही झालं. पंडित त्याला प्रचार म्हणोत.

मी डाळमिलीतला कामगार, नाट्यशास्त्र शिकलेलो नाही. पण पोरांनो, यंदा फेटे परत करा. आपलं यार्ड स्टेजवर आणा.