सगळे रकाने बरोबर, पत्ता चूक

गेल्या डिसेंबरात बाबा साताऱ्याहून आमच्याकडे सेम्बावांगला आले होते. त्यांचं इन्सुलिन मी ऑनलाइन मागवलं. फॉर्म घाईत भरला, सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या. डिलिव्हरीवाला आला, ब्लॉकखाली उभा राहिला, दोनदा फोन केला (मी मीटिंगमध्ये!) आणि परत गेला. घराचा प्रकार मी ‘एचडीबी फ्लॅट’ निवडला होता, पण मजला आणि युनिट क्रमांकाचा रकाना रिकामाच राहिला होता. फॉर्मनं हूं की चूं केलं नाही. बाबांच्या पेनमध्ये दोन दिवसांचं औषध शिल्लक होतं, म्हणून निभावलं.

सिंगापूरमध्ये एचडीबीच्या प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा सहा आकडी पिनकोड असतो. आमच्याकडचे ७५ नं सुरू होतात. हा आकडा इमारतीपर्यंत आणतो, दारापर्यंत नाही. नौदल तळाच्या काळातल्या इथल्या काळ्या-पांढऱ्या बंगल्यांना मात्र युनिट क्रमांक लागतच नाही. म्हणून तो रकाना ऐच्छिक. एकेक उत्तर बरोबर, एकत्र चूक. दोन्ही पत्रिका उत्तम, पण जुळत नाहीत, तसंच हे.

पोटापाण्यासाठी मी पीएचपीत, सिम्फनीवर काम करतो. त्यामुळे राग ओसरल्यावर प्रश्न पडला: आमची चौकट अशी चूक पकडायला कितपत मदत करते?

सिम्फनीचा व्हॅलिडेटर जावाच्या ‘बीन व्हॅलिडेशन’वर बेतलेला आहे. नियम गुणधर्माच्या डोक्यावर लिहायचा: हा रिकामा नको, तो सहा आकडी हवा. वाचायला सुरेख. पण या मांडणीमुळे एकेका रकान्याचाच विचार करायची सवय लागते. शिवाय लांबी किंवा नमुना तपासणारे नियम रिकाम्या किमतीला सोडून देतात. माझा रिकामा रकाना असाच सुटला असणार.

दोन गुणधर्मांचं नातं तपासायचे मार्ग आहेत, नाही असं नाही. ‘कॉलबॅक’मध्ये साधं पीएचपी लिहिता येतं, पण तो नियम दुसऱ्या वर्गात सहज नेता येत नाही. ‘एक्स्प्रेशन’ एका ओळीत भागतं. मात्र ती ओळ म्हणजे अवतरणातला मजकूर, त्यातली चूक कार्यक्रम चालेपर्यंत कळत नाही. अख्ख्या वर्गावरचा स्वतंत्र नियम सर्वांत नेटका, पण एवढ्याशा अटीसाठी दोन वर्ग लिहा. ६.२ मध्ये आलेला ‘व्हेन’ मला सर्वांत आवडतो: प्रकार फ्लॅट असेल, तर युनिट हवंच. लारावेलचा ‘रिक्वायर्ड इफ’ हेच आणखी थोडक्यात सांगतो.

माझी खरी तक्रार पुढची आहे. ‘व्हेन’ असो वा ‘रिक्वायर्ड इफ’, दोष एकाच रकान्याच्या माथी येतो. समजा, बंगल्यात राहणाऱ्या एखाद्या आजोबांनी चुकून ‘फ्लॅट’ निवडलं. फॉर्म लाल अक्षरांत म्हणणार, ‘युनिट क्रमांक भरा.’ आजोबा वैतागून ०१-०१ लिहितील आणि फॉर्म खूश होईल! खरी चूक वरच्या रकान्यात होती. बिघाड नात्यात असताना आपण एकालाच आरोपी करतो, आणि तो सुटकेसाठी खोटं बोलतो.

सिम्फनीत कॉलबॅकमधली किंवा वर्गाच्या नियमातली तक्रार कोणत्या रकान्याजवळ दाखवायची, ते ‘ॲटपाथ’नं ठरवता येतं. ते न दिल्यास ती फॉर्मच्या माथ्यावर येते. आपण बहुतेक जण एक रकाना निवडून मोकळे होतो. माझ्या मते, संबंधाचा नियम वर्गावर असावा आणि संदेशात दोन्ही बाजू याव्यात: ‘तुम्ही फ्लॅट निवडला आहे, पण युनिट क्रमांक नाही. दोन्ही तपासा.’

आणखी एक खोट मुळातच आहे. सिम्फनीच्या नेहमीच्या पद्धतीत फॉर्म आधी वस्तू भरतो, मग तपासतो. म्हणजे क्षणभर का होईना, अपुरा पत्ता ‘पत्ता’ म्हणून अस्तित्वात असतो. त्यापेक्षा फॉर्मसाठी कच्ची, साधी वस्तू ठेवावी. ती तपासून झाल्यावरच खरा पत्ता घडवावा, आणि युनिटशिवायचा फ्लॅट त्याच्या कन्स्ट्रक्टरनंच नाकारावा. काम थोडं वाढतं, हे कबूल.

पण ब्लॉकखाली पिशवी घेऊन उभा असलेला तो माणूस आठवला, की ते जास्त वाटत नाही.