लाळ, जठर आणि उच्चार : बोली-संकलनाविषयी एक आक्षेप

नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ली बोलींच्या अभ्यासकास ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग (१९०७) आजही पाहावा लागतो. त्यातील नमुने मुख्यतः लेखी स्वरूपात आलेले असल्याने वक्त्याच्या मुखाची अवस्था त्यांत उमटणे शक्यच नव्हते. ध्वनिमुद्रणात ती उमटते. परंतु ती ओळखावयास आपण अद्याप शिकलो नाही, असा माझा आक्षेप आहे.

उच्चारस्थाने सांगताना आपण ओठ, दंत, तालू यांचा निर्देश करतो. त्यांना ओलावा देणारी लाळ मात्र विसरतो. शिवाय लाळ ही केवळ मुखाची बाब आहे, असे गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढले किंवा मळमळू लागले, की त्याची वार्ता दहाव्या, म्हणजे प्राणेशा तंत्रिकेतून मस्तिष्कस्तंभात पोचते. तेथील लालाकेंद्रे सातव्या व नवव्या तंत्रिकांच्या द्वारे लालापिंडांस चेतवितात. अशा वेळी पाझरलेल्या लाळेतील बायकार्बोनेट आम्लाचे शमन करते. आयुर्वेदात लालास्रावास ‘प्रसेक’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. व्यवहारात मात्र चिंच पाहून काय किंवा ओकारीपूर्वी काय, तोंडाला पाणीच सुटते.

लाळ वाढली की माणूस वारंवार गिळतो, आणि गिळताना श्वास क्षणभर थांबतो. हा विराम लिप्यंतरात वाक्यखंडाची सीमा ठरण्याचा संभव आहे. उलट, मुख कोरडे असता जीभ टाळूस चिकटून सुटते व बारीकसा आवाज होतो. नवख्या कानास तो व्यंजनाचा अंश वाटू शकतो.

तथापि सर्व दोष जठराच्या माथी मारणेही सयुक्तिक नव्हे. मिरचीच्या पथारीवर राबणाऱ्याच्या तोंडी तिखटाचा कण गेला तर लाळ सुटते ती मुखातील चेतनेमुळे. उन्हात पाण्यावाचून राहिलेल्याचे मुख सुकते ते शरीरातील पाणी घटल्यामुळे. ही कारणे भिन्न आहेत व ती वेगळी ओळखली पाहिजेत.

म्हणून मुद्रणाच्या नोंदीत वय व गाव यांबरोबर शेवटचे जेवण, पाणी, मळमळ आणि आम्लपित्त यांचाही उल्लेख असावा. शंकास्पद लकब त्याच वक्त्याकडून अन्य दिवशी पुन्हा ऐकावी व इतर वक्त्यांशी ताडून पाहावी. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या वृद्धेच्या आम्लपित्तास तिच्या बोलीचे व्याकरण म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.